२५ मिमी खाली, दुप्पट रुंद: बदललेल्या फूटपेगवर केलेली लांब राइड

ही राइड आखतानाच ठरवलं होतं की रस्ता एकाच जातीचा नको. आधी सरळसोट हायवे, मग घाट, त्यापुढे खडी उघडी पडलेला रस्ता. पाऊस आखणीत नव्हता. तो आगंतुक आला, पण कामाचा ठरला. मोटरसायकलला नवे फूटपेग, म्हणजे चालवताना पाय ठेवायचे दांडे, बसवले होते, आणि नुसत्या हायवेवरून त्यांच्याबद्दल मत बनवण्यात काही अर्थ नसतो. गुळगुळीत रस्त्यावर पहिल्या दिवशी कुठलाही नवा पेग बराच वाटतो.

गाडी सिंगल सिलिंडर, ताठ बसायची. माझी उंची सहा फुटांच्या जरा वर. मूळचे पेग जेमतेम दोन बोटं रुंद, वर रबर. नवे ५५ मिमी रुंद, कडेला दाते, मधे दोन बोल्टांनी धरलेलं आणि हवं तेव्हा काढता येणारं रबर. पेग बसवायची खाच मूळ जागेपेक्षा २५ मिमी खाली आणि साधारण १० मिमी मागे येईल अशी बनवलेली. ब्रॅकेट कापणं नाही, वेल्डिंग नाही. मूळ पिन काढायची, नवा पेग सरकवायचा, पिन परत घालायची.

मागून येणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की पेग बघायच्या आधी आपलं दुखणं नीट ओळखा. गुडघा दुखतो, पोटऱ्या भरून येतात, उतरल्यावर पाय सरळ करायला वेळ लागतो, तर तो उंचीचा प्रश्न आहे. तळव्याच्या मधोमध रुतल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात, तर तो रुंदीचा आणि व्हायब्रेशनचा. ही दोन वेगळी दुखणी आहेत. लोक रुंद पेग घेतात आणि गुडघा तसाच दुखतो म्हणून कुरकुरतात. माकडहाड दुखत असेल तर पेगच्या नादी लागूच नका, तिथे सीटच बघावी लागते. उलट पेग जास्त खाली किंवा पुढे नेले तर पायावरचा भार कमी होऊन तो सगळा बुडावर येतो आणि माकडहाड आणखी ओरडतं.

२५ मिमी म्हणजे किती, ते आकड्यात सांगतो. मांडी आणि नडगी दोन्ही ४२ सेंमी धरा. गुडघा ८० अंशांत दुमडलेला असताना खुबा ते घोटा हे अंतर ५४ सेंमी भरतं, ९० अंशांत ते ५९ च्या पुढे जातं. म्हणजे २५ मिमी वाढले की गुडघा साधारण साडेचार अंशांनी उघडतो. कागदावर हे फुटकळ दिसतं. पण गुडघा जितका जास्त दुमडलेला तितका वाटीमागचा दाब जास्त, आणि त्याच स्थितीत तासन् तास बसायचं असतं, म्हणून हे साडेचार अंश दुपारनंतर जाणवायला लागतात.

हेच अंतर सीट उंच करूनही मिळतं. खर्च करण्याआधी करून बघण्याजोगा उपाय म्हणजे सीटवर घट्ट फोमची इंचभर जाड पट्टी ठेवून ती पट्ट्याने आवळायची आणि दोन-तीन तास गाडी चालवायची. गुडघ्याला फरक वाटला तर पेग खाली आणल्यावरही वाटेल. नाही वाटला तर पैसे वाचले. फोम दाबला जातो, म्हणून बसल्यावर किती उरतो ते बघा; मऊ उशी घेऊन ही चाचणी करण्यात अर्थ नाही. उंची साडेपाच फुटांच्या आतली असेल तर बहुतेक गाड्यांवर पेग खाली नेण्याची गरजच पडत नाही. नेलेच तर मांडीची खालची बाजू सीटच्या पुढच्या कडेवर दाबली जायला लागते आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

पेग बसवायला काही वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतरचं. पेग खाली गेला, पण गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल जागच्या जागीच राहिले. म्हणजे पायाच्या हिशेबाने दोन्ही २५ मिमी वर गेले. गिअर खाली टाकायला अख्खं पाऊल उचलावं लागतं, आणि ब्रेकवर पाय तरंगता ठेवावा लागतो. गिअरचं सोपं आहे: लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या लिंक रॉडच्या दोन्ही टोकांचे लॉकनट सैल करायचे आणि रॉड फिरवायचा. एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड न काढता लांबी बदलते. तेवढ्याने पुरलं नाही तर लिव्हर स्प्लाइनवरून, म्हणजे ती बसते त्या दातेरी दांड्यावरून, काढून एक दाता खाली बसवायचा. बूट घालूनच मापं घ्या. घरच्या चपलेत बेतलेली लिव्हर रायडिंग बुटात अडकते.

ब्रेकचं प्रकरण मात्र गंभीर आहे, आणि त्याचा दाखला घाटातच मिळाला. पण आधी हायवे.

हायवेवर गुडघा खूश होता. नेहमी जिथे पाय मोकळे सोडायची हुक्की येते तिथे ती आली नाही, आणि थांब्यावर उतरून लगेच चालता आलं. तळव्याचं मात्र मिश्र होतं. रुंदीमुळे रुतणं थांबलं, पण अ‍ॅल्युमिनियमचा पेग हलका असल्याने ठरावीक आरपीएमला झिणझिण्या जुन्यापेक्षा जास्त आल्या. ६००० आरपीएमला सिंगल सिलिंडर सेकंदाला १०० हिसके देतो. पेग हलका असेल तर ते दाबायला वजनच नसतं. मधलं रबर दात्यांच्या वर दोन-तीन मिमी आलं पाहिजे, बुटाचा भार रबरावर पडला पाहिजे. माझ्या पेगात ते जवळपास समपातळीत होतं, म्हणून जेवायला थांबलो तेव्हा रबराखाली जुन्या ट्यूबची घडी घातली. दिसायला गावठी, पण गुण लगेच आला. फक्त हायवे करणाऱ्याने जड पोलादी, पूर्ण रबरी पेगच घ्यावेत, हे माझं ठाम मत आहे. दातेरी पेग फोटोत रुबाबदार दिसतात एवढंच.

पाऊल ठेवायची जागाही बदलत राहा. रुंद पेगचा खरा फायदा हाच, की कधी तळव्याचा मध्य, कधी चवडा, असा भार सरकवता येतो. जुन्या पेगवर एकच रेघ होती आणि सगळं वजन तिच्यावर.

घाटात २५ मिमीची किंमत मोजावी लागते. पेगचं टोक खाली आलं की गाडी तितकी कमी कलते. माझ्या गाडीच्या मापांवरून हिशेब दोन-तीन अंशांचा निघतो. त्यात सामान लादलेलं असतं, मागचं सस्पेन्शन बसलेलं असतं, म्हणजे आणखी कमी. निघण्यापूर्वी मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब, दोन खाचांनी वाढवला होता, त्याचा उपयोग झाला. तरी एका उताराच्या आवळत जाणाऱ्या वळणावर डावा पेग रस्त्याला घासला. खर्रर्र आवाज, पेग वर दुमडला, वळण संपताच स्प्रिंगने परत जागेवर. पेग दुमडलाच पाहिजे. वर आणि मागे. जो पेग दुमडत नाही तो घासला की मागचं चाक उचलतो. खाली नेणारा अ‍ॅडॅप्टर वेल्ड करून पक्का केलेला कुणी दाखवला तर तो कितीही मजबूत असो, घेऊ नका. आणि वळणात चवडाच पेगवर हवा. तळव्याचा मध्य ठेवला तर बुटाचं टोक पेगच्या आधी जमिनीला लागतं.

याच घाटाच्या पायथ्याशी सोबतच्या एका गाडीचा ब्रेक लाइट विझेना. ती चालवणाऱ्यानेही माझ्याच सुमारास पेग खाली करून घेतले होते, एका गॅरेजमध्ये. थांबून बघितलं तर मागची डिस्क अशी तापलेली की थुंकी टाकली तर चरचरावी, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तरी जड. पेडल सुंदर खाली आणलेलं होतं, पण फक्त पेडल किती वर येईल ते ठरवणारा स्टॉप बोल्ट फिरवून. पेडलचा जोर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे तेलावर दाब देणाऱ्या पंपाकडे, नेणाऱ्या पुशरॉडला हात लावलेला नव्हता. होतं असं, की पेडलचं टोक खाली आलं की मागचा हात वर जातो आणि रॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन किंचित आत ढकलून ठेवतो. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर तेल परत ब्रेकच्या तेलाच्या छोट्या टाकीत जायची वाट बंद होते. घाटात तेल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, मग पॅड डिस्कला चिकटतात, आणखी तापतं. असंच सुरू राहिलं तर ब्रेक जाम होतो, नाहीतर तेल उकळून पेडल नुसतंच खाली जातं.

डिस्क गार होऊ दिली, मग १० च्या पान्याने पुशरॉडचा लॉकनट सैल करून रॉड आखूड केला. पेडल बोटाने हलवल्यावर आधी थोडा मोकळा प्ले आणि मग पिस्टनचा विरोध, असं जाणवेपर्यंत. चाक हाताने फिरवून पाहिलं, लॉकनट आवळला. मग ब्रेक लाइटचा स्विच. त्याची स्प्रिंग पेडलला बांधलेली असते, पेडल खाली गेलं की स्विच ओढलेलाच राहतो. स्विचची बॉडी धरून ठेवायची आणि फक्त नट फिरवायचा, नाहीतर वायरी पिळल्या जातात. पेडल दाबायला सुरुवात झाली की दिवा लागला पाहिजे, सोडलं की विझला पाहिजे. मागे ड्रम ब्रेक असेल तर स्टॉप बोल्टनंतर रॉडच्या नटाने प्ले द्यायचा, तत्त्व तेच. कुणाकडूनही काम करून घेतलंत तरी ही तपासणी स्वतः करा, गॅरेजच्या दारातच, मागचं चाक उचलून.

खडीच्या रस्त्यावर पेगनी पैसे वसूल केले. उभं राहून चालवताना रुंद पेगवर पाऊल जमिनीवर ठेवल्यासारखं स्थिर राहतं. शिवाय पेग खाली म्हणजे आपणही खाली, हँडल तेवढंच वर, म्हणून पाठ कमी वाकते. हँडल उंच करणारा राइझर घ्यायचा विचार होता, तो मी सोडून दिला. मात्र उभं राहिल्यावर पेगवर जोर कितीतरी वाढतो, आणि खाली नेलेल्या पेगला तरफही लांब मिळते. पिनेत किंचित प्ले असला तरी पेगच्या टोकाशी तो बराच मोठा होतो. संध्याकाळी टोक धरून वर-खाली हलवायची सवय लावून घ्या. पेग बाहेरच्या बाजूला लोंबत असेल तर पाय सतत निसटतो. तो समपातळीत किंवा टोकाशी एखादा अंश वर असावा. लोंबत असल्यास पेगच्या मागच्या टेकण्याच्या जागेवर वेल्डचा छोटा ठिपका टाकून कानशीने थोडा थोडा घासत नेमका बेत जमवता येतो. हे वेल्डिंग चालतं, कारण त्याने दुमडणं बंद होत नाही. पेग पोलादाचा हवा, हे अर्थातच.

पाऊस आल्यावर रबर काढून टाकलं. ओल्या चिखलात रबर साबण होतं. दाते बुटाला घट्ट धरतात, तळ मात्र कुरतडतात. मऊ तळाच्या बुटांचं आयुष्य घटणार हे गृहीत धरा. पावसाळी बूट जाड असतात, त्यामुळे गिअर लिव्हरखाली ते शिरतात का, हेही आधीच बघून ठेवायला हवं. ब्रेकच्या बाजूला टाच सायलेन्सरच्या गार्डला टेकत नाही ना, तेवढं पाहा.

क्रॅशगार्डवर लावायच्या हायवे पेगबद्दलही विचारणा होते. आमच्यातल्या एकाकडे होते. पाय लांब करून बरं वाटतं, पण पाय तिथे असताना मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही आवाक्याबाहेर असतात. रिकाम्या सरळ रस्त्यापुरतं ठीक. मी लावणार नाही.

जवळ काय ठेवावं? १० आणि १२ चे पाने, पेगला लागणाऱ्या अ‍ॅलन की, नोज प्लायर, जाड-बारीक स्प्लिट पिना, एक जादा स्प्रिंग आणि मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव. वापरलेली स्प्लिट पिन परत वापरू नका, वाकवून सरळ केलेली पिन तुटते. स्प्रिंगला डावं-उजवं असतं. उलटी बसली तर पेग दुमडल्यावर परत येत नाही, हे बसवल्याबरोबर हाताने दुमडून कळतं. बोल्टांवर आणि नटांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, सैल झाला तर रेघ मोडलेली दिसते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळं एकदा आवळून बघायचं, मग ५०० नंतर. साइड स्टँड उघडताना डाव्या पेगला घासत नाही ना, आणि स्टँडचा कान बुटाला सापडतो ना, तेही निघायच्या आधीच पाहून घ्या. आमच्यातल्या एकाला प्रत्येक थांब्यावर हात घालून स्टँड काढावा लागत होता.

जुने पेग मी ठेवून दिले आहेत. गाडी दुसऱ्या कमी उंचीच्या माणसाच्या हाती द्यायची वेळ आली तर तेच परत बसवावे लागतील, आणि त्यांच्याबरोबर लिव्हर, पेडल, पुशरॉड, स्विच हे सगळं पुन्हा वर आणावं लागेल. म्हणून बदल करायच्या आधी लिंक रॉड आणि पुशरॉडचे किती आटे बाहेर दिसतात त्याचा फोटो काढून ठेवा.