आमची वाटचाल : आधी भोकं, मग घर

मिनेसोटात तळी गोठली की लोक त्यांच्यावर घरं ओढत नेतात. चाकांवरचं, ट्रकमागे जोडायचं घर. जागेवर पोचल्यावर हातविंचने चाकं वर उचलायची, म्हणजे सांगाडा सपाट बर्फावर टेकतो. घराच्या जमिनीतल्या गोल भोकांमधून ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, बर्फाला भोक पाडायचं आणि उबेत बसून गळ सोडायचा. अशी फिश हाऊस आम्ही ब्रेनर्डजवळच्या आमच्या शेडमध्ये बनवतो. आम्ही तिघंच आहोत. वेल्डिंग माझं, सुतारकाम एका जुन्या मासेमाराचं आणि हिशेब माझ्या पत्नीचे.

मी कोल्हापूरचा. आबांचं फॅब्रिकेशनचं शेड होतं, तिथे उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. चासी, अ‍ॅक्सल, चॅनल हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. पत्नीच्या नोकरीमुळे इथे आलो, कामाचा परवाना मिळाल्यावर ट्रेलर दुरुस्तीच्या एका शेडमध्ये लागलो. तिथे दर ऑक्टोबरात गंजलेल्या चासीची फिश हाऊस यायची. २०१४ साली धीर करून पहिलं घर स्वतः बांधलं : ८ फूट रुंद, १६ फूट लांब, आठ भोकांचं.

ते घर मी कागदावर बांधलं होतं. भोकं दोन सरळ रांगांत, मोजून सारख्या अंतरावर. दिसायला सुरेख. दोन आठवड्यांत गिऱ्हाईक परत आलं. एक भोक दाराच्या वाटेत होतं, त्यात त्यांच्या आईंचा पाय गेला. सुदैवाने फक्त बूट भिजला. भोकं एकमेकांच्या इतकी जवळ होती की गळाला वॉलआय मासा लागला आणि गोल फिरू लागला की शेजारची दोरी गुंडाळूनच वर यायचा. शिवाय मी ८ इंची ऑगरसाठी ८ इंचीच भोक ठेवलं होतं. पात्याने प्लॅस्टिकची कड कुरतडून काढली होती. मी सगळी जमीन उखडली आणि स्वखर्चाने नवी घातली. आईंचा तो भिजलेला बूट मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

त्यानंतर आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करायला लागलो. गिऱ्हाइकाला शेडमध्ये बोलावतो, फरशीवर खडूने घराची चौकट आखतो आणि पाच गॅलनच्या बादल्या उपड्या ठेवतो. ‘बसा’ म्हणतो. माणूस बसला की गुडघे कुठे येतात, कोपर कुठे जातं, रॉड किती उचलला जातो हे दिसतं. मग भोकाची खूण. चूल, पलंग, खिडक्या त्यानंतर.

इथे हिवाळ्यात एका माणसाला दोन दोऱ्या सोडायची मुभा आहे, म्हणून चौघांच्या घराला आठ भोकं. पण आठही सारखी नसतात. एक भोक हातात रॉड घेऊन बसण्याचं, ते गुडघ्यांसमोर हवं. दुसरं रॅटल रीलचं. हे रीळ भिंतीला असतं आणि मासा लागला की खुळखुळतं. वॉलआय संध्याकाळी आणि रात्री जास्त खातो, त्यामुळे ते भोक पलंगालगत, झोपेतून उठून एका हाताने दोरी धरता येईल असं लागतं. ही जोडी समजायला मला तीन हिवाळे लागले.

पाण्यातल्या अंतराचा हिशेब वेगळाच आहे. मासे दाखवणाऱ्या सोनारचा कोन २० अंशांचा असेल, तर ३० फूट खोलीवर त्याच्या वर्तुळाचा व्यास साधारण साडेदहा फूट होतो. म्हणजे तीन-चार फुटांवरच्या भोकातलं आमिषही तुमच्या पडद्यावर दिसतं. भोकं एवढीशी लांब नेऊन नवे मासे सापडत नाहीत. अंतर ठेवायचं ते माणसांसाठी आणि दोऱ्यांसाठी. आम्ही शेजारच्या दोन बैठकांमध्ये चार फूट धरतो आणि भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंत किमान १२ इंच, नाहीतर ऑगर धरणाऱ्याचे हात भिंतीला घासतात.

आकाराबद्दल मी ठाम आहे. क्रॅपीसारख्या छोट्या माशाला ६ इंची ऑगर पुरतो, वॉलआयला ८, मोठ्या नॉर्दर्न पाइकला १०. घर मात्र वर्षानुवर्षं वापरायचं असतं, म्हणून जमिनीतली स्लीव्ह, म्हणजे भोकाच्या आतली नळी, आम्ही १० इंचीच बसवतो आणि वापरणाऱ्याला ८ इंची ऑगर सुचवतो. भोवती दोन्हीकडे एक-एक इंच मोकळा राहतो. आमच्या चासीत आडव्या पट्ट्या १६ इंचांवर येतात, पट्टीची जाडी २ इंच, मध्ये १४ उरतात. त्यात १० इंची स्लीव्ह नीट बसते. म्हणून खडूची खूण पट्टीवर आली, तर आम्ही भोक न सरकवता पट्टी सरकवतो. वेल्डिंगआधी हे फुकटात होतं.

भाल्याने पाइक मारणाऱ्यांचं घर पूर्ण निराळं. त्याला डार्क हाऊस म्हणतात. आत उजेड नको आणि भोक चौकोनी, साधारण दोन फूट बाय तीन फूट. तिथे पट्टी कापावीच लागते, मग भोवती चौकट जोडून तिचा भार शेजारच्या पट्ट्यांवर द्यायचा. पहिलं डार्क हाऊस केलं तेव्हा मी आबांना फोन केला. ट्रॉलीला मधे भोक पाडायचं तर काय कराल, विचारलं. म्हणाले, ‘‘कापायच्या आधी चौकट घाल रं. कापून मग घालशील तर चासी वाकडी हुईल.’’ तसंच करतो अजून.

२०२३-२४ चा हिवाळा अवघड गेला. बर्फ उशिरा आला, पातळ राहिला. डिसेंबरअखेरीस अप्पर रेड लेकवर बर्फाचा तुकडा सुटून शंभराहून अधिक माणसं अडकली, त्यांना बाहेर काढावं लागलं. चालायला ४ इंच चांगला बर्फ पुरतो, ट्रकला फुटाहून जास्त हवा. आमच्या हातातल्या मागण्या त्या वर्षी जवळपास थांबल्या. तेव्हा आम्ही अ‍ॅल्युमिनियमचं, साडेसहा बाय दहा फुटांचं, चार भोकांचं हलकं घर बनवलं. आज निम्मं काम त्याचंच आहे.

सध्या शेडमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका आजोबांचं घर आहे. सांगाडा बर्फावर टेकत असल्याने उंबरठा फार उंच नसतो, उतरती फळी पुरते. पण खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या पुढे येतात, म्हणून भोक नेहमीपेक्षा लांब पडतं, आणि वळायला मध्ये पाच फूट मोकळे लागतात. भोकांवरची झाकणं जमिनीच्या पातळीत आणि चाकाचा भार पेलतील अशी केली. आजोबा दोनदा येऊन खडूच्या रेषांमध्ये खुर्ची फिरवून गेले. पलंगाजवळचं भोक अजून त्यांच्या हाताला चार इंच लांब पडतंय. शनिवारी पुन्हा येणार आहेत, तोवर तिथली चासीची पट्टी मी नुसती वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून ठेवली आहे.