वन आरके, तिसरा मजला, लिफ्ट नाही

हातात येणारा पगार 46 हजार. त्यातून पुण्यातल्या वारज्याच्या फ्लॅटच्या हप्त्यातला माझा अर्धा वाटा 13,500. मुलीच्या शाळेचे आणि क्लासचे आठ हजार. उरलेल्यात माझं खाणं, पेट्रोल, गावी आईची औषधं आणि भाडं. हिशोब मांडला तर भाड्यासाठी साडेआठ हजारांच्या वर काही निघेना. तेवढ्यात कर्वेनगर-कोथरूडला कॉट बेसिसवर जागा मिळते, नाही असं नाही. पण चार नोकरदार पोरांच्या खोलीत नऊ वर्षांच्या मुलीला कसं नेणार? आमच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या अटींत) लिहिलंय की एकाआड एक शनिवार-रविवार ती माझ्याकडे राहील. तेव्हा खोली लहान चालेल, पण स्वतंत्र हवी आणि तिच्या शाळेपासून फार लांब नको, एवढं पक्कं होतं.

हप्ता अजून मी का भरतो, असं बरेच जण विचारतात. फ्लॅट माझ्या आणि बायकोच्या नावावर, कर्जही दोघांच्या. ती आणि मुलगी तिथेच राहणार हे आम्ही आपसांत ठरवलं आणि शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात तसं लिहूनही दिलं. पण बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. नवरा-बायकोत काहीही ठरो, कर्जाच्या कागदावर दोन सह्या आहेत तोवर दोघंही कर्जदार. हप्ता चुकला तर सिबिल दोघांचं खराब. वेगळं होणाऱ्यांनी हे वकिलाच्या आधी बँकेत जाऊन विचारून घ्यावं. वकील सांगतात, पण सगळ्यात शेवटी.

आता घर शोधणं. पुण्यात एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, फॅमिली की बॅचलर?" सुरुवातीला मी "फॅमिली" म्हणायचो, कारण मुलगी येणारच होती. मग घर दाखवताना "मॅडम कधी येणार बघायला?" असं आलं की सगळंच अवघडायचं. पुढे फोनवरच सांगून टाकायला लागलो: घटस्फोट झालाय, एकटा राहणार, महिन्यातून दोनदा मुलगी येणार, जमत असेल तर घर दाखवा, नाहीतर तुमचाही वेळ नको आणि माझंही पेट्रोल नको. निम्मे तिथेच गळायचे. उरलेले निदान खोटं बोलायला लावत नव्हते.

मोठ्या सोसायट्यांमध्ये घरमालक तयार असले तरी कमिटी आडवी यायची. नऱ्ह्यात एका सोसायटीच्या चेअरमननी माझी चक्क मुलाखत घेतली. नोकरी कुठे, गाव कुठलं, शाकाहारी का, आणि मग हळूच, "मुलीची आई पण येणार का इथे?" मी म्हटलं, नाही. "मग मुलीला कोण सोडणार?" मी. "नाही म्हणजे, उगाच वाद नकोत सोसायटीत." आमच्यात वाद राहिला असता तर तो कोर्टात असता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्हे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्या घराचं भाडं सात हजारच होतं, म्हणून थोडं वाईट वाटलं. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा कळलं की फार काही गेलं नाही: मेंटेनन्स बाराशे वेगळा, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी आणि तिथून वारजे रोजचं म्हटलं तर हायवेवरून वळसा. भाड्याच्या आकड्यावर स्वस्ताई ठरवू नये. भाडं, मेंटेनन्स, पाणी, वीज, येणं-जाणं अशी बेरीज करून मग दोन घरं शेजारी ठेवावीत.

शेवटी जागा मिळाली ती एजंटशिवाय, शिवण्यात. वारज्याच्या पुढे एनडीए रस्त्यावर. 2017 मध्ये जी 11 गावं महापालिकेत आली त्यातलं हे एक, त्यामुळे अजून अर्धं गाव आणि अर्धं शहर. इथे एकमालकी इमारती खूप आहेत. खाली मालक, वर भाडेकरू, कमिटी नाही, चेअरमन नाही. गल्लीबोळातून स्कूटर हळू चालवत "भाड्याने देणे आहे"च्या पाट्या वाचत गेलं की ऑनलाइन न दिसणाऱ्या जागा दिसतात. ब्रोकरेजचं एक महिन्याचं भाडंही वाचतं.

मालक काका निवृत्त, काकू बोलक्या. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. काका गप्प राहिले. काकूंनी विचारलं, "पोरगी केवढी?"

"चौथीत आहे."

"मग या की. आमची नात बी चौथीतच हाय."

विषय संपला. काकांना मात्र काहीतरी विचारायचंच होतं, म्हणून त्यांनी पाण्याच्या वेळा सांगितल्या.

वर जाऊन मी जे जे बघितलं ते सांगतो, कारण याला पैसे पडत नाहीत. नळ सकाळी साडेसातला सोडून बघितला. त्या वेळेला सगळी बिल्डिंग पाणी वापरते, तेव्हाचा जोर खरा. बाथरूमच्या मागची भिंत हाताने चाचपली. मोबाइलला आत रेंज आहे का ते बघितलं. आणि विजेचा मीटर. बऱ्याच एकमालकी इमारतींत महावितरणचा मीटर एकच असतो, खोल्यांना सबमीटर, आणि मालक युनिटला दहा-बारा रुपयांनी पैसे घेतो. एकट्या माणसाची वीज महिन्याला शंभर युनिटच्या आत बसते आणि महावितरणचा तो पहिला टप्पाच सगळ्यात स्वस्त असतो, तो फायदा सबमीटरवाल्याला मिळत नाही. इथे मीटर स्वतंत्र होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हीच काय ती खोट, आणि भाडं कमी असण्याचं कारणही तेच.

काका म्हणाले, साडेआठ. मी म्हटलं, मला ऑफिसात घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची आहे, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. साडेआठ हजारांचे वर्षाला होतात एक लाख दोन हजार. पॅन म्हटल्यावर काका आणि काकूंनी एकमेकांकडे बघितलं. भाडं 8,300 ठरलं. वर्षाचे 99,600. डिपॉझिट 25 हजार.

करारावर मी अडून बसलो. काका म्हणत होते, "स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू, सगळे तसंच करतात." सगळे करतात हे खरं. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. मी ते कलम वगैरे काढलं नाही. एवढंच सांगितलं की नोंदणी केली नाही आणि उद्या आपल्यात वाजलं, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरतात, म्हणजे तोटा तुमचाच. हे त्यांना पटलं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर. आमचं अडीचशेच्या आत बसलं. शहरात नोंदणी फी हजार रुपये, वर ऑनलाइनची हाताळणी फी. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. काकूंचा अंगठा काही केल्या उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत, असं त्या हसत म्हणाल्या. पाणी लावून, पुसून, दुसरं बोट लावून अखेर झालं. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही त्यानेच ऑनलाइन भरली.

हा नोंदणीकृत करार पुढे किल्लीपेक्षा जास्त कामी आला. आधारचा पत्ता, बँकेचा पत्ता, गॅस, सगळीकडे तोच. वेगळं झाल्यावर माणसाकडे पत्त्याचा एकही पुरावा उरत नाही, हे आधी लक्षात येत नाही.

सामानाची वाटणी आम्ही एका रविवारी केली, मुलगी मावशीकडे असताना. मोठ्या वस्तूंची यादी आधीच कागदावर होती. तिच्या माहेरून आलेलं ते तिचं, त्यात बोलायचं काही नव्हतं. खरा वेळ गेला तो भांड्यांत. आमच्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, त्यामुळे एका अर्थाने वाटणी आधीच झालेली होती: माझ्या आत्याचं पातेलं मला, तिच्या काकांचा डबा तिला. ओट्याशी बसून एकेक भांडं उजेडाकडे तिरकं धरायचं आणि नाव वाचायचं. मध्येच तिने विचारलं, "हे वसंतकाका नक्की कोण?" मलाही माहीत नव्हतं. दोघांपैकी कोणाचेच नव्हते बहुतेक. ती परात मी घेतली, कारण कणीक मळायला मला काहीच नव्हतं.

राहिली ती आमच्या दोघांची नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली भांडी. एक घागर, दोन तांबे, एक समई. कोणालाच नको होती. घागर-तांबे मी बोहरी आळीच्या अलीकडे एका भांड्याच्या दुकानात मोडीत घातले. तांब्या-पितळेला मोडीत बरा भाव येतो, स्टीलला जवळजवळ नाहीच. त्या पैशांत दोन पातेली, एक कढई, तवा, डबे आणि वर थोडे पैसे सुटले. समई तिने ठेवून घेतली.

नवं काय घ्यायचं आणि जुनं काय, याबद्दल माझं मत एवढंच: ज्याला कापूस किंवा फोम आहे ते नवं, ज्याला लोखंड आहे ते जुनं. जुन्या बाजारात (मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी भरतो) लोखंडी पलंग, घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या. सकाळी लवकर जावं आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरू करावं. पलंगाचे वेल्डिंगचे सांधे बोटाने तपासावेत, गंज वरवरचा आहे की आत गेलाय ते नखाने खरवडून बघावं. गादी मात्र गादीवाल्याकडून समोर बसून भरून घेतली. कापूस आपण वजन करून निवडायचा, नाहीतर खाली चिंध्या भरल्या जातात.

फ्रिज विद्यार्थ्यांकडून घेतला. मे-जूनमध्ये कोर्स संपवून गावी परतणारी मुलं सामान मातीमोल भावात काढतात. भाड्याचं घर बदलायचं असेल तर तो महिना गाठावा. फ्रिज बघायला जाण्याआधी त्यांना तो चालू ठेवायला सांगितला. दारात दहाची नोट अडकवून दार लावलं आणि नोट ओढली; सहज निघून आली असती तर रबर गेलं असं समजायचं. आणताना उभाच आणला, आणि आणल्याबरोबर लावला नाही, काही तास तसाच राहू दिला. आडवा आणला तर कॉम्प्रेसरमधलं तेल भलतीकडे जातं.

छोटा हत्ती बोलावला होता. टेम्पोवाला भाडं ठरवताना मजला विचारतो, आणि तिसरा म्हटलं की हमालीचा आकडा भाड्याच्या वर जातो. कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. हमालांपैकी वयाने मोठा होता तो म्हणाला, "साहेब, कप्पे काढा." कप्पे काढले, दारं दोरीने बांधली, कपाट शेंड्यावर उभं केलं आणि जिन्याच्या कठड्याला टेकवून फिरवलं. भिंतीचा रंग हातभर निघाला. काका खालून बघत होते. मी पुढच्या रविवारी डिस्टेंपरचा लहान डबा आणून स्वतः रंगवलं, डिपॉझिटमधून कापाकापी नको म्हणून.

गॅसचं त्रांगडं मोठं. जुनं कनेक्शन माझ्या नावावर आणि सिलिंडर वारज्याला. ते तिच्या नावावर झाल्याशिवाय मला दुसरं मिळेना. तोवर इंडेनचा पाच किलोचा छोटू आणला. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, फक्त गॅस किलोमागे महाग पडतो. नव्या मोठ्या सिलिंडरचं डिपॉझिट 2,200 आणि रेग्युलेटरचे 250, ते वेगळे काढून ठेवले होते. इंडक्शन घेऊन टाक, असं ऑफिसात सगळे म्हणत होते. पण माझ्याकडचा कुकर ॲल्युमिनियमचा, त्यावर तो तापत नाही. चुंबक चिकटेल तेच भांडं इंडक्शनला चालतं.

मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा घरात पडदे नव्हते आणि टीव्ही नव्हता. तिने पलंग बघितला आणि विचारलं, "तू कुठे झोपणार?" मी खाली गादी दाखवली. मग तिने कपाटातला मधला कप्पा मागितला, त्यात स्वतःचे दोन फ्रॉक आणि एक कंपासपेटी ठेवली, आणि खाली काकूंच्या नातीकडे खेळायला गेली ती जेवायलाच वर आली.

आता करार संपत आलाय. काका म्हणतात हजार वाढवा, मी तीनशेवर आहे. माझी मागणी वेगळीच आहे: वॉशिंग मशीनसाठी गॅलरीत नळाचं एक कनेक्शन काढून द्या, मग पाचशे देतो. तीनशे वाढवले तरी वर्षाचा आकडा लाखावर जातो, हे दोघांच्याही लक्षात आहे. काकूंनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "ते पॅनकार्ड काढायला किती दिवस लागत्यात?"