झाडांवरचे कोड: रेंज नसलेल्या आवारात काम कुठवर आले

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याचे साहित्य उघडते. परितेवाडीच्या डिसले गुरुजींचे पुस्तकातल्या कोडचे काम तर २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइजमुळे जगभर गेले. पण त्या वाटेला इंटरनेट लागते, आणि आमच्या शाळेच्या मागच्या आवारात रेंज येत नाही. म्हणून तिथल्या झाडांवर लावायच्या पाट्यांच्या क्यूआर कोडात यंदा लिंक सोडून प्रश्नाचा मजकूरच भरतोय. असा कोड नेटशिवाय वाचता येतो आणि मधली कुठली वेबसाइट बंद पडली म्हणून तो मरत नाही.

खरी कसोटी मराठीची आहे. मजकूर जितके जास्त बाइट (संगणकातली जागा मोजायचे एकक) घेतो, तितका कोड दाट होतो. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'दोन्ही' या एका शब्दाचे १८ बाइट होतात! आपट्याच्या पाटीवर सध्या एवढेच आहे: 'पान मधोमध दुमड. दोन्ही बाजू जुळतात का?' याचे भरले ९८ बाइट. कोडाचा खराब झालेला भाग भरून काढण्याची, म्हणजे दुरुस्तीची पातळी एम ठेवली तर ४१ × ४१ चौकटींचा कोड होतो, क्यू ठेवली तर ४९ × ४९. एममध्ये साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, क्यूमध्ये २५ टक्के. पाटी उघड्यावर राहणार, चिखल उडणार, म्हणून मी क्यू घेतली आणि छपाई मोठी केली. कोडाभोवती चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडायचीच. तिथे नक्षी काढली की फोन अडतो. लॅमिनेशन चकचकीत नको, उन्हात चमक मारते.

काही फोनचे कॅमेरे साधा मजकूर दाखवण्याऐवजी थेट गुगलवर शोधायला निघतात. त्यामुळे नेटशिवाय चालणारे साधे स्कॅनर ॲप आधीच टाकून ठेवलेले बरे.

आता मुलांचे. फोन एकच, माझा. गटातला एक जण स्कॅन करून मोठ्याने वाचतो आणि फोन लगेच पुढच्या गटाकडे जातो. हात मात्र सगळ्यांचे पानावर असतात. आपट्याचे पान शिरेवर दुमडले की दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. तोच प्रश्न कडुनिंबाच्या पाटीवरही आहे, आणि तिथे पत्ती देठाजवळ वाकडी असल्याने बाजू जुळत नाहीत. 'सर, हिची एक बाजू कमी आहे!' असे ओरडत पोरे पत्ती घेऊन धावत आली. सममितीची व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. पाटीवर उत्तर कधीच लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढे करंज आणि बहावा घ्यायचे आहेत. बहाव्याच्या शेंगेवरून लांबी मोजण्याचा प्रश्न शंभर बाइटच्या आत बसवतोय. कुणी जोडाक्षरे टाळून असे प्रश्न लिहिले असतील तर जरूर पाठवा.