हे उघडतं का?

एप्रिलात सोलापूरचा पारा ४२ च्या वर सरकतो. नेमका तेव्हाच आमच्या नववीच्या वर्गातला पंखा मंदावला. "मॅडम, नवीन मागवा ना!" पोरांनी एकच गलका केला.

मी मेन स्विच बंद केला, टेबलावर चढले, पंख्याच्या दांडीवरची वाटी सरकवली. आत बोटभर कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा भाग, २.५ मायक्रोफॅरडचा. उन्हाने आणि वयाने त्याची ताकद घटते, मग पंखा नुसता रेंगाळतो. मोटर ठणठणीत होती. आधी प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची टोकं जोडून उरलेला चार्ज घालवला, मगच हात लावला. ही सवय आधी, दुरुस्ती नंतर. नवा कपॅसिटर बसवला, शंभर रुपयांच्या आत काम झालं.

माझे अण्णा सोलापूरच्या पूर्वभागातल्या चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. यंत्रमागावर धोट्याला तडाखा देणारा पिकर झिजतोच. तो झिजणार हे माग घडवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून तो चटकन काढता येईल असा बसवलेला. अण्णा तेवढाच बदलायचे, माग पुढे वर्षानुवर्षं चालायचा. मला मुलांना खरं तर हेच दाखवायचं आहे: आधी काय मरणार, हे वस्तू बनवतानाच विचारायचं असतं.

एका मुलाने बंद पडलेले वायरलेस इअरफोन आणले. स्क्रू नाही, फट नाही, सगळं चिकटवलेलं. त्यात आधी बॅटरीच जाणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक नव्हतं का? मला याचा मनापासून राग येतो.

फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाईल-लॅपटॉपवर, दुरुस्ती किती सोपी, याचे दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं झालं, हे सांगितलं. गुण म्हटल्यावर पोरं पेटलीच. घरोघरची यंत्रं तपासून आली. मिक्सरला आठ, कारण भांडं मोटरला जोडणारा कपलर झिजला तर घरीच बदलता येतो. इअरफोनला भोपळा.

मग प्रत्येकाने एक छोटा बॅटरीचा दिवा बनवायचा ठरलं. एकीची आई रात्री विड्या वळते, तिने आईसाठी केला. झाकणाला रुंद खाचेचे स्क्रू शोधून लावले. मी कारण विचारलं नाही.

आठवड्याभरात स्विच गेला. मी म्हटलं, आण, बघू या.

"बदलला मॅडम," ती म्हणाली. "आईनेच. रुपयाचं नाणं लावून उघडला."