हात झटकन काढला की काटा दोनवर

शाळेच्या आठवणींत बाकीचे मित्र गॅदरिंग, सहली, मैदान यावर लिहितीलच, मला मात्र विज्ञानाच्या सरांच्या एका तासाबद्दल लिहायचंय, कारण मी गेली कित्येक वर्षं क्रेनच्या कामात आहे आणि तिथे रोज जे लागतं ते सरांनी नववीतच डोळ्यांना दाखवून ठेवलं होतं.

सरांनी स्प्रिंगच्या काट्याला 1 किलोचं वजन अडकवलं पण खाली तळहात धरला, मग हात हळूहळू खाली नेला, काटा सरकत सरकत 1 वर येऊन थांबला. परत वजन उचलून धरलं, काटा शून्यावर, आणि या वेळी हात झटकन काढून घेतला. काटा थेट 2 च्या जवळ गेला, वरखाली नाचला आणि मग 1 वर येऊन बसला. वजन तेच, उंचावरून टाकलेलं पण नाही!

पुढे डिप्लोमाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये (वस्तू किती जोर सोसते या विषयात) हेच सळईसाठी आलं तेव्हा वर्गात बरेच जण फॉर्म्युला पाठ करत होते, मला तो काटा दिसत होता. लोड हळूहळू चढवला की तो शून्यापासून वाढत जातो, म्हणजे सळई ताणली जाताना सरासरी जोर निम्माच लागतो. एकदम सोडला तर पहिल्या क्षणापासून पूर्ण लोड काम करतो, तेवढ्याच वाढीला काम दुप्पट होतं, आणि ते सगळं साठवायला सळईला दुप्पट ताणावं लागतं, म्हणून स्ट्रेसही (दर चौरस मिमीवर येणारा जोर) दुप्पट.

आकड्यांत सांगतो. 20 मिमी व्यासाचा, 4 मीटर लांब स्टीलचा रॉड घ्या आणि त्याला 1.6 टन लटकवा. सावकाश लटकवलं तर स्ट्रेस साधारण 50 न्यूटन प्रति चौरस मिमी आणि रॉड वाढतो फक्त 1 मिमी. एकदम सोडलं की 100. आणि तेच वजन नुसतं 4 मिमी वरून पडलं तर 200, 12 मिमी वरून पडलं तर हिशोबाने 300, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलची 250 ची हद्द (त्यापुढे ते परत मूळ लांबीवर येत नाही) ओलांडून रॉड कायमचा लांबतो. 12 मिमी म्हणजे बोटाच्या जाडीएवढं पण नाही हो!

म्हणून साइटवर मी सगळ्यात जास्त ओरडतो ते ढिल्या स्लिंगवर (वजन हुकला अडकवायचा पट्टा किंवा दोर), कारण ती ढिली असताना उचललं की असाच झटका बसतो. स्लिंग आधी हळू ताणून घ्यायची, मग उचलायचं, कितीही घाई असली तरी.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. एकदम सोडलेल्या लोडमध्ये लांबीने स्ट्रेसला फरक पडत नाही, पण पडणाऱ्या वजनात पडतो. तोच रॉड 8 मीटरचा असता तर 12 मिमीच्या झटक्याला 300 ऐवजी 230 च आला असता, म्हणजे रॉड वाचला. वायर रोपचंही तसंच, हुक अगदी वर आलेला असताना दोर आखूड उरतो आणि तेव्हा बसलेला झटका सगळ्यात वाईट, त्यामुळे ऑपरेटरने वरच्या टप्प्यात स्पीड आधीच कमी केलेला बरा.