पाण्याचा मग

१९७२ च्या जूनमध्ये वडिलांनी मला नगरच्या ख्रिस्ती शाळेच्या बोर्डिंगात आणून सोडलं, तेव्हा मी आठवीत होतो. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या आणि माझे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. बोर्डिंगात लाल मिलोची, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि पातळ आमटी असायची. भाकरी गार झाली की दातांनी तुटत नसे. तरीही ताट वाढलं की आधी डोळे मिटायचे, आभार मानायचे, मग पहिला घास.

संध्याकाळची प्रार्थना आमच्या वॉर्डनबाई घ्यायच्या. टाळ-मृदंगावर टिळकांची भजनं व्हायची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरातच ते बरीच वर्षं राहिले, त्यामुळे ती भजनं आम्हांला घरचीच वाटत. भजनानंतर बाई शास्त्रवाचन करायच्या. बायबलातलं ६७ वं स्तोत्र त्यांचं आवडतं. एकदा त्यांनी विचारलं, "यात आधी काय मागितलंय?" आम्ही ओरडलो, "आशीर्वाद!" बाई म्हणाल्या, "नीट वाचा. आधी दया, मग आशीर्वाद." मग त्यांनी बायबलातल्याच गणना या पुस्तकाचा ६ वा अध्याय काढला. उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून जो आशीर्वाद देतात, तो मोशेचा भाऊ, याजक अहरोन याला मिळालेला. "बघा, देव देतो तेव्हा सुरुवातच आशीर्वादाने करतो. आपण मागतो तेव्हा मात्र दयेपासून मागायचं." तेव्हा ते डोक्यावरून गेलं.

मार्चमध्ये पाणी टँकरने येऊ लागलं. व्हरांड्यात एक पिंप ठेवलेलं असे आणि त्यावर कडीला पोचा आलेला ॲल्युमिनियमचा मग. अंघोळीला माणशी तीन मग, प्यायचं पाणी वेगळं. वाटपाचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. एका सकाळी मी माझ्या दोन दोस्तांना चार-चार मग दिले. रांगेत शेवटी पाचवीतला एक मुलगा होता, अंगाने अगदी किरकोळ. त्याच्या वाट्याला एकच मग आला, तोही तळाचा, गढूळ. तो काहीच बोलला नाही. त्या पाण्यात पंचा बुडवून त्याने तोंड पुसलं आणि वर्गात गेला.

त्या संध्याकाळी प्रार्थना करायची पाळी माझी होती. मी उभा राहिलो, पण शब्द फुटेना. समोर तोच मुलगा डोळे मिटून बसलेला. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला जकातदाराचा दाखला माझ्यासमोर धरला. वर बघायचीही ज्याची छाती झाली नाही, तो माणूस. मी एवढंच वाचलं, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि रडत खाली बसलो. नंतर त्या मुलाजवळ जाऊन सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, दादा."

आता बाई हे काम काढून घेणार, अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पिंपाजवळ गेलोच नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि तोच मग माझ्या हातात दिला. एक शब्दही बोलल्या नाहीत. दया म्हणजे काय, हे मला त्या मगाच्या थंड कडीवरून कळलं.

पुढे मी एसटीत वाहक झालो. पहाटेच्या गाडीला डबल बेल देण्याआधी मनातल्या मनात पहिली ओळ नेहमी दयेची असायची. कधी भाड्याला दोन रुपये कमी पडणारी म्हातारी दारातच थबकायची आणि मला तो मग आठवायचा. उरलेले पैसे मी भरायचो. नोकरीतलं याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिल २०२१ मध्ये पत्नीला कोविड झाला. आत कुणाला सोडत नव्हते. रात्री नर्सताई तिच्या कानाला फोन लावायच्या आणि मी अहरोनाचा आशीर्वाद म्हणायचो, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो..." पलीकडून फक्त ऑक्सिजनचा आवाज. सहाव्या रात्री ती प्रभूकडे गेली. मला प्रार्थना सुचेना; आशीर्वाद तर मागवतच नव्हता. मातीला चारच माणसं होती. घरी आलो, दार लावून घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. बोर्डिंगातला तोच पाचवीतला मुलगा. आता तोही साठीला टेकलेला.

"दादा," तो म्हणाला, "तू काही बोलू नकोस. आज मी करतो, तू नुसता ऐक." आणि त्याने सुरुवात केली, "हे देवा, आम्हांवर दया कर."