त्या सूर्यास्ताला सुंदर म्हणायचं का?

इंग्रज चित्रकार टर्नरचं ‘गुलामांचं जहाज’ हे चित्र पडद्यावर दाखवलं की कुणीतरी विचारतंच: माणसं बुडताहेत आणि आभाळ एवढं देखणं, हे चालतं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हे चित्र लंडनमध्ये १८४० साली लोकांसमोर आलं. त्याच्यामागे ‘झोंग’ या गुलामवाहू जहाजाची हकिगत असल्याचं मानतात. १७८१च्या नोव्हेंबरअखेरीस, पिण्याचं पाणी संपत आल्याची सबब सांगून खलाशांनी १३०हून जास्त आफ्रिकी माणसं जिवंतपणी समुद्रात फेकली. लिव्हरपूलच्या मालकांनी विमा मागितला, माणशी ३० पौंड. खटला चालला तो या पैशांवरून. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही.

देखणेपणाला माझी हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रात बुडणाऱ्यांचे उरलेत ते हात आणि साखळदंडातला एक पाय. चेहरा नाही. नजर आधी सूर्याकडे जाते, पायापर्यंत उशिरा पोचते. पुढे हे चित्र ज्यांच्या घरी होतं त्या कलासमीक्षक जॉन रस्किननी समुद्राच्या रंगांवर भरभरून लिहिलं आणि गुलामांचा उल्लेख तळटीपेत केला! मला त्याचा अजूनही राग येतो.

आता टर्नरने चेहरे आणायचे कुठून, हेही खरं. कागदोपत्री ही माणसं म्हणजे माल. मालाची नावं कोण लिहून ठेवतं?

म्हणून टर्नरनंतर मी लगेच मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या ‘कॅप ११०’ या स्मारकाची छायाचित्रं दाखवते. तिथे १८३०च्या एप्रिलमध्ये, फ्रान्सने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवल्यानंतरही, गुलामांनी भरलेलं एक जहाज रात्री खडकांवर फुटलं. जहाजाचं नावसुद्धा ठाऊक नाही. १९९८मध्ये, फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, शिल्पकार लॉरां व्हालेर यांनी तिथल्या उतारावर १५ पुतळे उभे केले. प्रत्येक अडीच मीटर उंच, पांढरा, कारण तिकडे पांढरा हा शोकाचा रंग. खांदे पडलेले, माना खाली. सगळ्यांची तोंडं ११० अंशांच्या दिशेला, म्हणजे गिनीच्या आखाताकडे, जिथून ही माणसं आणली गेली असावीत तिकडे. व्हालेरनी कुणाला खोटं नाव दिलं नाही, वेगळी ओळख चिकटवली नाही. दिली ती घराची दिशा. नाव हरवलेल्या माणसाला याहून प्रामाणिक काही देता येईल असं मला वाटत नाही. शिवाय हे पुतळे माणसापेक्षा मोठे आहेत, त्यामुळे मागचा समुद्र कितीही निळा असला तरी आधी तेच दिसतात.

काही जण पुढे म्हणतात, हे सगळं तिकडचं, दूरचं. नाही हो. पोर्तुगीज जहाजं मोझांबिकहून गोव्यातही गुलाम आणत होती. आपल्या शिल्पकारांपैकी कुणीतरी मांडवीच्या काठी, मोझांबिककडे तोंड करून, त्यांच्यासाठी असं काही उभं करावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे.